बेबी ऑस्टिनचे हौशी मिस्त्री



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा एका स्नेह्यांनी मला विचारले, "इतिहासाच्या मांडवात मोटारदुरुस्तीचे काय काम?" प्रश्न गैर नव्हता. इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड, तह, सनदा आणि बखरी उभ्या राहतात; फार झाले तर एखादी गिरणी किंवा आगगाडी. घरामागच्या पडवीत, तेलाने हात काळे करून मोडक्या मोटारीखाली आडवा झालेला कारकून कोणत्याही बखरीत सापडत नाही. तथापि यंत्रयुगाचा इतिहास लिहावयाचा तर यंत्र कोणी काढले एवढे सांगून भागत नाही. ते जुने झाल्यावर, बाजारात त्याला कवडीचीही किंमत उरली नसताना, ते कोणी सांभाळले आणि कसे सांभाळले हेही सांगावे लागते.

ह्या विषयाकडे मी वळलो त्याला एक घरगुती कारण आहे. माझ्या लहानपणी आमच्या आळीत एका डॉक्टरांच्या वाड्याच्या बोळात एक चिमुकली मोटार विटांवर चढवून ठेवलेली होती. तिची चाके कधीच गेली होती. टपावर उन्हाळ्यात कुरडया वाळत आणि आत मांजरीची बाळंतपणे होत. मोठी माणसे तिला 'बेबी ऑस्टिन' म्हणत. डॉक्टर वारल्यावर एक दिवस भंगारवाला आला आणि गाडी वजनावर घेऊन गेला. कोणाला वाईट वाटल्याचे मला आठवत नाही. बोळ मोकळा झाला एवढेच सर्वांनी म्हटले. पुढे अनेक वर्षांनी मी वाचले, की ह्याच जातीच्या शेकडो गाड्या इंग्लंडात अजून रस्त्यावर पळतात, आणि त्या सरदार-उमरावांच्या तबेल्यांत नव्हे तर शाळामास्तर, कारकून आणि कारागीर यांच्या घरच्या खोपटांत जिवंत राहिल्या आहेत. तेथे जे घडले ते येथे का घडले नाही, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात घर करून आहे. त्याचे उत्तर शोधताना ह्या गाडीचा सगळा इतिहास पाहावा लागला. तोच आज आपल्यापुढे मांडतो.

पहिली गंमत अशी, की ही गाडी जन्मलीही घरातच. हर्बर्ट ऑस्टिन यांनी १९०५ साली बर्मिंगहॅमजवळ लाँगब्रिज येथे आपला कारखाना काढला. पहिल्या महायुद्धानंतर त्यांनी एकच मोठी गाडी धरून ठेवली, तिला पुरेसे गिऱ्हाईक मिळाले नाही, आणि १९२१ साली कंपनीचा कारभार धनकोंसाठी नेमलेल्या रिसीव्हरच्या हाती गेला. ऑस्टिन यांच्या मनात एक अगदी लहान मोटार काढावयाची होती. पण बुडत्या कंपनीचे संचालक नव्या खर्चाला राजी होईनात. तेव्हा ह्या गृहस्थांनी काय करावे? कारखान्याच्या आरेखन-विभागातला स्टॅन्ली एज नावाचा अठरा वर्षांचा पोरगा त्यांनी उचलला, आपल्या लिकी ग्रेंज नावाच्या घरी नेला, आणि तेथे बिलियर्ड खेळण्याच्या खोलीत त्याला कागद-पेन्सिल देऊन बसविले. ऑस्टिन यांचा ओढा प्रथम दोन सिलिंडरांच्या इंजिनाकडे होता. लहानसे चार सिलिंडरांचे इंजिनच बरे, हे त्या पोराने त्यांना पटवून दिले. जन्मभर यंत्रांत घालविलेल्या पंचावन्न वर्षांच्या मालकाने अठरा वर्षांच्या मुलाचे ऐकले, ही मला त्या गाडीइतकीच मोलाची गोष्ट वाटते. पुढे ऑस्टिन यांनी ह्या रचनेतील काही गोष्टींचे हक्क स्वतःच्या नावे घेतले आणि आपल्याच कंपनीकडून प्रत्येक गाडीमागे दोन गिनी वसूल केल्या. संचालकांनी नाही म्हणण्याची किंमत अशी चुकविली.

गाडी इतकी लहान का, ह्याचे उत्तर निम्मे गिऱ्हाइकाच्या खिशात आहे आणि निम्मे सरकारी तिजोरीत. ब्रिटनमध्ये १९२१ पासून मोटारीवर अश्वशक्तीमागे एक पौंड असा वार्षिक कर बसला. पण ही अश्वशक्ती मोजावयाची कशी? सिलिंडरचा व्यास इंचांत घ्यावयाचा, त्याचा वर्ग करावयाचा, सिलिंडरांच्या संख्येने गुणावयाचे आणि अडीचने भागावयाचे. दट्ट्या किती लांब धावतो याला हिशेबात जागाच नव्हती. फोर्डच्या प्रसिद्ध मॉडेल टी गाडीचा व्यास पावणेचार इंच, म्हणून तिच्यावर तेवीस पौंड कर. ऑस्टिन सेव्हनचा व्यास छप्पन्न मिलिमीटर, म्हणजे सव्वादोन इंचांनाही किंचित कमी. तिचा कर आठ पौंड. अरुंद सिलिंडर आणि लांब धाव हे इंग्रजी इंजिनांचे वळण पुढे कित्येक वर्षे टिकले, त्याचे मूळ अशा रीतीने कारखान्यात नसून कायद्याच्या कागदात आहे.

१९२२ साली गाडी लोकांपुढे आली. किंमत १६५ पौंड. मोटारसायकलला बाजूची पेटी जोडून बायकोमुलांना त्यात बसवून पावसात भिजत जाणारा जो वर्ग होता, त्याच्यासाठी ती होती. पहिल्या काही गाड्यांनंतर इंजिन ७४७ घन सेंटिमीटरचे झाले आणि तो आकडा तसाच राहिला. वजन साडेतीनशे किलोच्या आसपास, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचे अंतर सव्वासहा फूट. १९३९ पर्यंत अशा सुमारे दोन लाख नव्वद हजार गाड्या निघाल्या. हिंदुस्थानातही त्या आल्या, आणि आपल्या लोकांनी त्यांना 'बेबी' म्हणून घरात घेतले. जर्मनीत ती डिक्सी ह्या नावाने बनू लागली. तो कारखाना १९२८ साली बीएमडब्ल्यूने घेतला, म्हणजे आज ज्या नावापुढे लोक माना लववितात त्या कंपनीची पहिली मोटार ही आपली बेबी ऑस्टिनच. अमेरिकेतही पेन्सिल्व्हेनियातील बटलर गावी तिचा कारखाना निघाला. तो चालला नाही, पण त्याच जागी उभ्या राहिलेल्या बँटम कंपनीने १९४० साली लष्करासाठी पहिल्या जीपचा नमुना बांधला. असो, गोत्र सांगत बसलो तर वेळ पुरणार नाही.

आता ह्या गाडीच्या पोटात शिरू. घरी दुरुस्त होईल असे यंत्र म्हणजे काय, ते त्याखेरीज कळावयाचे नाही. तिचा सांगाडा इंग्रजी 'ए' अक्षरासारखा, पुढे निमुळता. मागे अर्धवट कापल्यासारखे कमानपाटे. इंजिन इतके हलके, की दोन माणसांनी हातांनी उचलून बाकावर ठेवावे. वरचे झाकण, ज्याला 'हेड' म्हणतात, काही नट काढले की सुटे होते. त्या काळच्या पेट्रोलने आत काजळी धरे, आणि ठराविक मैल झाले की हेड काढून ती खरवडावी लागे. हे काम इंग्लंडात रविवारचे घरकाम होऊन बसले होते. आपल्याकडे दिवाळीपूर्वी पितळेची भांडी काढतात, तसे. मुले शेजारी बसून नट एका बशीत क्रमाने मांडीत. पुढे नावारूपाला आलेल्या कितीतरी अभियंत्यांचा श्रीगणेशा अशा बशीतच झाला.

ह्या गाडीत दोषही होते, आणि ते सांगितले नाहीत तर चित्र खोटे पडेल. तिचा क्लच पायाखाली बोटभरही हालत नसे. नवशिक्याने पाय ठेवला की गाडी एकतर जागीच मरे नाहीतर बेडकासारखी उडी मारी. १९३० पर्यंत पायाचा ब्रेक फक्त मागच्या चाकांना लागे आणि हाताचा फक्त पुढच्या. दोन्ही एकदम ओढले तरी गाडी सावकाश विचार करून थांबे. सर्वांत नाजूक जागा म्हणजे इंजिनचे तेल. मोठ्या इंजिनात फिरत्या दांड्याच्या, म्हणजे क्रँकशाफ्टच्या, पोटातून दाबाने तेल जाते. येथे मात्र दोन बारीक तोट्यांतून तेलाची चिळकांडी उडे आणि फिरत्या दांड्याने ती झेलावी, अशी योजना होती. तोटी कचऱ्याने बुजली की तेल बंद. मग बेअरिंगमधला पांढरा धातू वितळे, आणि इंजिनातून असा ठोका येई की जाणता माणूस गाडी तेथेच उभी करी. हा पांढरा धातू, ज्याला मिस्त्री 'व्हाइट मेटल' म्हणतात, म्हणजे कथिलप्रधान मऊ मिश्रधातू. तो पुन्हा ओतावयाचा, मग दांड्याला निळा रंग पुसून तो बेअरिंगमध्ये फिरवावयाचा. जेथे निळा डाग उठला तेथे उंचवटा आहे असे समजून तेवढाच कण खरवडावयाचा, पुन्हा रंग, पुन्हा फिरवणे. एक बेअरिंग नीट बसविण्यास अख्खी संध्याकाळ जाई. ज्याने हे एकदा केले त्याला ती गाडी परकी राहणे शक्य नव्हते.

जुन्या मोटारींची हौस मात्र ह्या गरीब गाडीपासून सुरू झाली नाही. तिचा उगम एका मिरवणुकीत आहे. १८६५ च्या कायद्याने इंग्लंडात रस्त्यावरील यांत्रिक वाहनाला गावाबाहेर ताशी चार मैल आणि गावात दोन मैल एवढीच मुभा होती, आणि पुढे एक माणूस चालत ठेवावा लागे. १८९६ साली ही मर्यादा चौदा मैलांवर नेली गेली. तो कायदा अमलात आला त्या दिवशी, १४ नोव्हेंबर १८९६ रोजी, काही मोटारी लंडनहून ब्रायटनला निघाल्या. निघाल्या तीसच्या वर, पोहोचल्या जेमतेम निम्म्या. त्यांतली एक गाडी आगगाडीने नेऊन, ब्रायटनबाहेर तिला चिखल फासून, शर्यतीत आणली असे अजून सांगतात! १९२७ साली एका वृत्तपत्राने ह्या फेरीची पुनरावृत्ती घडवून आणली, आणि १९३० साली ब्रायटनच्या ओल्ड शिप हॉटेलात बसून तिघा मित्रांनी अतिजुन्या मोटारींचा एक क्लब काढला. १९०५ पूर्वीच्या गाड्यांची ती फेरी आजही नोव्हेंबरात निघते. पण ह्या लोकांत पैसेवाले बरेच होते, आणि लोकांनी त्यांच्याकडे हसतच पाहिले. १९३४ साली दुसरा एक क्लब निघाला. त्याने आपण फार श्रीमंत नसलेल्यांचे आहोत असे उघड सांगितले. १९३० अखेरपर्यंतच्या गाड्या नव्या गाड्यांपेक्षा मनापासून बांधलेल्या आहेत, असे त्यांचे म्हणणे. आणि १९३९ साली, युद्धाच्या तोंडावर, आपल्या बेबी ऑस्टिनवाल्यांनी आपला क्लब काढला. नाव इंजिनाच्या मापावरून, 'सेव्हन फिफ्टी'.

ह्या तिसऱ्या क्लबाकडे इतिहासकाराने जरा निरखून पाहावे असे मला वाटते. कारण युद्ध सुरू झाले, पेट्रोलवर नियंत्रण आले, १९४२ मध्ये तर खासगी फिरण्यासाठीचे पेट्रोल सर्वस्वी बंद झाले. गाड्या विटांवर चढल्या. ज्यांच्या गाड्या हालतच नाहीत असा मोटार क्लब काय करणार? त्यांनी एक पत्रिका चालविली. कोणी काय जोडले, कोठे फसला, कोणत्या दुसऱ्या गाडीचा कोणता भाग ऑस्टिनला चपखल बसतो, बुजलेली तोटी कशी साफ करावी, हे एकाने लिहावे आणि इतरांनी वाचून आपला अनुभव कळवावा. त्यांच्या पुढाऱ्यांपैकी हॉलंड बर्केट हे व्यवसायाने गुरांचे डॉक्टर होते. पुढे ह्याच मंडळातून पुस्तके निघाली. जे ज्ञान तोवर मिस्त्रीच्या बोटांत होते ते हौशी माणसांनी शाईत उतरविले. पेशेवाईक मिस्त्री ते लिहिणार नाही, कारण ते त्याचे भांडवल. कारखाना लिहिणार नाही, कारण त्याला नवी गाडी विकावयाची. फुकट काम करणाऱ्या हौशी माणसालाच ते लिहिण्यात गोडी. माझ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मला ह्या पत्रिकेत सापडले.

युद्ध संपले आणि चमत्कारिक परिस्थिती आली. ब्रिटनला परदेशी चलन हवे होते, म्हणून नव्या मोटारी बहुतांशी निर्यातीला. घरच्या गिऱ्हाइकाने वर्षानुवर्षे वाट पाहावयाची. पेट्रोलचे नियंत्रण उठण्यास १९५० चा मे महिना उजाडला. साहजिकच युद्धापूर्वीची जुनी गाडीच पुनःपुन्हा दुरुस्त करणे भाग पडले, आणि एक सबंध पिढी टंचाईच्या शाळेत हे काम शिकली. त्यातच लष्करातून परतलेल्या हजारो तरुणांना यंत्रांचा हात बसलेला होता. जुनी ऑस्टिन सेव्हन तेव्हा थोड्या पौंडांत मिळे. मग तिचा टप कापून फेकावयाचा, सांगाड्यावर पत्र्याचे किंवा पुढे फायबरग्लासचे हलके अंग चढवावयाचे आणि शर्यतीस उतरावयाचे, असा सपाटा सुरू झाला. अशा गाडीला 'स्पेशल' म्हणत.

अशा घरगुती स्पेशलांतूनच मोठाली झाडे उगवली. १९४८ साली कॉलिन चॅपमन नावाच्या विद्यार्थ्याने उत्तर लंडनमध्ये आपल्या भावी पत्नीच्या घरामागच्या खोपटात एक जुनी ऑस्टिन सेव्हन उघडून तिची स्पेशल बांधली. तीच पहिली लोटस. पुढे ह्याच वर्गाच्या शर्यतीसाठी त्याने केलेली एक युक्ती सांगण्याजोगी आहे. ह्या इंजिनात चार सिलिंडरांना हवा-पेट्रोल आत घेण्याची तोंडे दोनच होती, दोघांत एक. चॅपमनने त्या तोंडांत आडभिंत घालून प्रत्येक सिलिंडरचा वाटा वेगळा केला. गाडी इतकी पुढे पळू लागली की क्लबाला नियम बदलून ती युक्ती बंद करावी लागली! ह्याच चॅपमनच्या मोटारींतून जिम क्लार्क याने १९६३ व १९६५ साली जगज्जेतेपद मिळविले. तिकडे न्यूझीलंडात ऑकलंड येथे ब्रूस मॅक्लॅरन हा शाळकरी मुलगा वडिलांच्या गॅरेजात १९२९ ची एक ऑस्टिन सेव्हन घेऊन झटत होता. त्याचे नाव आज शर्यतीच्या जगात कोणाला सांगावे लागत नाही. त्याची ती पहिली गाडी त्याच्या नावाच्या कंपनीने अजून जपून ठेवली आहे.

परंतु ह्या यशाची किंमत कोणी दिली? त्या कापून फेकलेल्या टपांनी दिली. पन्नाशीच्या दशकातील हौशी लोकांनी चांगल्या, धडधाकट, चौघांच्या बैठकीच्या गाड्या करवतीखाली घातल्या. आजचे निष्ठावंत त्यांना विध्वंसक म्हणतात. मला हा आरोप पुरता मान्य नाही. त्या तरुणांनी हात लावला नसता तर त्या गाड्या जशाच्या तशा राहिल्या असत्या असे थोडेच आहे? त्या माझ्या डॉक्टरांच्या गाडीच्या वाटेने गेल्या असत्या. कापणाऱ्याने निदान इंजिन, आस आणि सांगाडा चालता ठेवला, आणि तो चालता ठेवण्याची विद्याही. मात्र त्यांनी जे फेकले ते आज सोन्याच्या भावाने शोधले जाते हेही खरे, आणि करवत चालविताना त्यांपैकी पुष्कळांनी दुसऱ्यांदा विचार केला नाही, हेही खरे.

हवा बदलण्यास दोन गोष्टी कारण झाल्या. एक होती करमणूक. १९५३ साली हेन्री कॉर्नेलियस यांनी दिग्दर्शित केलेला 'जेनेव्हीव्ह' हा बोलपट आला. दोन मित्र, दोन जुन्या गाड्या, ब्रायटनची ती फेरी, आणि नवऱ्यांच्या ह्या वेडापुढे हात टेकलेल्या दोन स्त्रिया, एवढीच कथा. ह्या चित्रपटाने जुन्या मोटारीचा वेडेपणा घराघरांत लाडका केला. त्यातल्या दोन्ही गाड्या, डॅरॅक आणि स्पायकर, आज हेग येथील लौमान संग्रहालयात शेजारी शेजारी आहेत.

दुसरी गोष्ट मात्र कायद्याची होती. १९६० साली ब्रिटनमध्ये दहा वर्षांहून जुन्या प्रत्येक मोटारीचे ब्रेक, दिवे व स्टिअरिंग तपासण्याची सक्ती आली. ज्या गाडीचे ब्रेक 'सावकाश विचार करून' थांबवीत, तिचे काय होणार? पुष्कळांनी खर्चापेक्षा भंगारवाला पत्करला. तेव्हा उरलेल्यांना प्रथमच जाणीव झाली, की आपण ज्या वस्तूला नगण्य समजत होतो ती संपू शकते. कापणारे हात जोडू लागले. १९६७ साली ब्यूली येथे जुन्या सुट्या भागांचा पहिला मोठा बाजार भरला. आपल्या जुन्या बाजारासारखाच, पण सगळा मोटारींचा. गंजलेला दिवा, एका बाजूचे मडगार्ड, अर्धा कार्ब्युरेटर, सगळ्याला गिऱ्हाईक. ह्याच मुलुखात आता उन्हाळ्यात ऑस्टिन सेव्हनवाल्यांचा मेळा भरतो. जे भाग जुन्या बाजारातही मिळेनात ते लहान कारखानदारांनी नव्याने बनविण्यास घेतले. आज ह्या गाडीचा क्रँकशाफ्टसुद्धा कोरा करकरीत मिळतो. तिचा मूळ कारखाना मात्र २००५ साली बुडाला.

येथे एक जुना तात्त्विक प्रश्न उभा राहतो, आणि तो आपल्याला परका नाही. देवळाचा जीर्णोद्धार करताना शिखर नवे, सभामंडप नवा, फरशी नवी. तरी देऊळ तेच. मोटारीचे इंजिन नवे, टप नवा, चाके नवी. तर गाडी तीच का? देवळात मूर्ती आणि जागा ह्या दोन गोष्टी ओळख टिकवितात. मोटारीत ती कशात आहे? इंग्रजांनी ह्या प्रश्नाला चक्क गुण लावले. परवाना देणाऱ्या सरकारी खात्याने अनेक वर्षे असा नियम ठेवला होता, की बदल केलेल्या गाडीला जुना क्रमांक टिकवावयाचा तर आठ गुण मिळाले पाहिजेत. सांगाड्याला पाच, आस, गिअरबॉक्स, स्टिअरिंग यांना प्रत्येकी दोन, आणि इंजिनाला अवघा एक! शर्यतवाल्यांच्या लेखी इंजिन म्हणजे प्राण. कायद्याच्या लेखी ते बदलता येणारे दप्तर. हौशी लोकांत ह्यावरून दोन पंथ आहेत. एक म्हणतो, गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवसासारखी चकचकीत करा. दुसरा म्हणतो, शंभर वर्षांचा गंज, ओरखडे, आजोबांनी बसविलेला चुकीचा नट, हाच तर इतिहास. तो पुसू नका. मी दुसऱ्या पंथाचा आहे, पण ब्रेकच्या बाबतीत पहिल्याचा. आणि कायद्याची लीला पाहा: ज्या देशाने १९६० साली जुन्या गाड्यांना तपासणीच्या दारात उभे केले, त्याने २०१२ साली १९६० पूर्वीच्या गाड्यांना ती तपासणी माफ केली. मालक स्वतःच त्यांची इतकी निगा राखतात की सरकारने वेगळे पाहण्याची गरज नाही, असा त्यामागे विश्वास होता.

आता आपल्या बोळातल्या गाडीकडे परत येऊ. टंचाई आपल्याकडे कमी होती काय? मुळीच नाही. मुंबईत शिवडी येथे १९२८ पासून परदेशी मोटारी जोडण्याचा एक मोठा अमेरिकन कारखाना होता. तो १९५४ साली बंद झाला. परदेशी गाड्यांची आयात जवळजवळ थांबली, देशी गाडीसाठी वर्षे मोजावी लागली, आणि जुनी गाडी तीस-तीस वर्षे पळवावी लागली. इंग्रजांना टंचाई काही वर्षांची, आपल्याला काही दशकांची. मग त्या शाळेतून आपल्याकडे हौशी मालक का निघाले नाहीत? निघाले ते मिस्त्री. आणि काय मिस्त्री! चोरबाजारातून आणलेल्या एका गाडीचा भाग कानशीने घासून दुसऱ्या गाडीला बसविणारे, नकाशा नाही, पुस्तक नाही, केवळ कानाने इंजिनचा रोग ओळखणारे. ह्या माणसांची कर्तबगारी त्या इंग्रज हौशी लोकांहून तसूभरही उणी नव्हती. पण मालकाने खुर्ची टाकून बसावयाचे आणि मिस्त्रीने गाडीखाली शिरावयाचे, ही वाटणी आपल्याकडे इतकी पक्की, की ज्याच्या हातात लेखणी होती त्याच्या हाताला कधी ग्रीस लागले नाही, आणि ज्याच्या हाताला ग्रीस होते त्याच्या हाती आपण लेखणी दिली नाही. मजुरी स्वस्त होती हे एक कारण. हातकामाला आपण जी पायरी दिली ते दुसरे. अपवाद आहेत. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात करणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या तंत्रविद्यालयात शिकविणारे मास्तरच होते. अलीकडे मुंबई-पुण्यात जुन्या गाड्या निगुतीने सांभाळणारे मालकही आहेत, त्यांच्या मिरवणुका आपण पाहतो. पण त्या मिरवणुकीत हार मालकाच्या गळ्यात पडतो, आणि ज्याने ते इंजिन पुन्हा बोलते केले तो गर्दीत कोठेतरी उभा असतो.

ह्या व्याख्यानाच्या तयारीसाठी मी अशाच एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलो होतो. त्यांनी तरुणपणी व्हाइट मेटलची बेअरिंगे ओतली आहेत. आता ते काम कोणी मागत नाही. मी वही उघडून बसलो तेव्हा त्यांना आधी संकोच वाटला. "हे काय लिहायचं असतं होय?" म्हणाले. मी विचारले, धातू ओतण्याइतका तापला हे कशावरून ओळखता? थर्मामीटर? ते हसले. म्हणाले, वाळक्या लाकडाची काडी धातूत बुडवायची. नुसतीच पिवळी पडली तर थांबायचं. पेट घेतला तर जास्त झालं, धातू बिघडला. बुडवताच न पेटता करपून तपकिरी झाली, की पळी उचलायची. विलायतेतले जुने कारागीरही हीच काडीची खूण सांगतात. फरक इतकाच की त्यांची छापलेली आहे. मी ती लिहून घेतली. मग बेअरिंग खरवडताना पात्याचा कोन किती, हे त्यांनी टेबलावरच्या चमच्याने दाखविले, तेही लिहिले. तेवढ्यात चहा आला. त्यांच्या नातवाने विचारले, आजोबा, हे तुम्ही आम्हाला कधी सांगितलं नाहीत? ते म्हणाले, तू कधी विचारलंस? पुढच्या रविवारी त्यांनी मला पुन्हा बोलावले आहे, आणि येताना मोठी वही आणावयास सांगितले आहे.